तिसरा उशीर

तर हा माणूस, ज्याला ऑफिसात सगळे बंबवाला म्हणत, सकाळी दारात उकिडवा बसून मुलीच्या पायात बूट चढवत होता आणि

टुंग.

आणि त्याचा अंगठा डोक्याच्या आधी हलला. फोनवरचं हिरवं बटण दाबलं. मग दुसरा बूट.

त्या बटणाचं आधी सांगायला हवं. बंबवाल्याची कंपनी लोकांचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पोचवायची. त्यासाठीची यंत्रं अहोरात्र चालू, आणि एखादं रुसलं की ज्याची पाळी असेल त्याच्या फोनवर सूचना. त्याने लगेच ‘माझ्याकडे’ असं बटण दाबायचं. दाबलं की बाकीचे मोकळे, काम याच्या गळ्यात. नाही दाबलं तर सूचना पुढच्याकडे, आणि त्यानेही नाही दाबलं तर थेट साहेबांकडे. साहेबांपर्यंत गेली की मग कुणाची खैर नसे.

“आधी दाबायचं, मग वाचायचं,” नव्या पोरांना तो शिकवायचा. आग लागली की पहिला हाच धावणार, म्हणून नाव बंबवाला. दुसऱ्यांच्या पाळ्याही हाच मागून घ्यायचा. पाळीचे वेगळे पैसे मिळत आणि त्या पैशांचा मुलीच्या पाळणाघराच्या फीला हातभार लागत होता.

हो, पगार मोठाच होता. मेहुण्याने तो ऐकला तेव्हा त्याला ठसका लागला होता. “दाजी, एवढा पगार आणि दोन खोल्या? ताई स्वयंपाकघरात शिरली की तुम्हाला बाहेर थांबावं लागतं. उरलेले पैसे पुरून ठेवता का कुठे?”

“उरलेले,” बायको म्हणाली होती. “छान शब्द आहे. आमच्याकडे फारसा वापरात नाही.”

पगार यायचा तो घाईतल्या पाहुण्यासारखा. चपला न काढता दारातूनच परत. शहर असं, की घरभाडं त्याचा एक मोठा लचका तोडायचं, पाळणाघर दुसरा, आणि उरलेल्या हाडांवर बायकोच्या पगाराचं मांस चढलं की महिना कसाबसा उभा राहायचा. बायको रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होती. पडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवायची. ते काम तिला आवडायचं, आणि गरजेचंही होतं. म्हणजे दोघांनी कमवायचं तर पाळणाघर हवं, आणि पाळणाघर हवं तर दोघांनी कमवायला

टुंग. अंगठा. झालं.

कमवायला हवं. या चक्रात मधोमध बसली होती मुलगी, तीन वर्षांची. जिना उतरताना प्रत्येक पायरीशी तिच्या गप्पा चालायच्या, म्हणून तिचं नाव गोगलगाय. लाडात गोगी.

पाळणाघरातल्या मावशी प्रेमळ, पण नियमाला कडक. संध्याकाळी वेळेत न्या. तीनदा उशीर झाला की जागा गेली, बाहेर पंधरा घरं वाट बघत उभी आहेत. पहिला उशीर बायकोचा, दुसरा याचा. त्या रात्री कडाक्याचं भांडण झालं. तुला वाटलं मी आणणार, मला वाटलं तू आणणार. तेव्हा याने तोडगा काढला: ऑफिसातलीच पद्धत घरात. मावशी, बायको आणि तो, असा तिघांचा गट. मावशींचा निरोप आला की खाली तेच हिरवं बटण. जो दाबेल त्याच्याकडे काम, दुसऱ्याने डोकं शांत ठेवून आपलं बघायचं.

“घराचं पण ऑफिस केलंस,” बायको म्हणाली. पण पद्धत चालली. चार महिने चालली.

त्या दुपारी पैसे अडकले. कुणाचा पगार, कुणाचं रुग्णालयाचं बिल, सगळं मधल्यामध्ये लटकलेलं. सूचना गारांसारख्या पडायला लागल्या. टुंग, टुंग, टुंग. अंगठा चाललेला, डोळे पडद्यावर. शेजारच्या खुर्चीतली सहकारी म्हणाली, “थोडं पाणी तरी पी.” याने मान हलवली आणि प्यायला नाही.

संध्याकाळ झाली तेव्हा पैसे वाहायला लागले. कुणीतरी टाळी दिली. साहेब स्वतः खुर्चीपाशी आले.

“बंबवाल्या, वाचवलंस. ऐक, सगळ्या पाळ्यांचा प्रमुख हो. पगार बराच वाढेल.”

“आणि पाळ्या?”

“प्रमुखाला कसली पाळी? तो कायमच असतो.” साहेब हसले. “आज रात्रीपर्यंत सांग.”

वाढेल. म्हणजे तिसरी खोली. म्हणजे स्वयंपाकघर, ज्यात दोन माणसं मावतील, म्हणजे

टुंग.

बायको. “ताप उतरला का?”

कुणाचा ताप? त्याने गट उघडला. वर मावशींचा निरोप, दुपारचा: “गोगी तापलीय. लवकर घेऊन जा.” त्याखाली त्याचं उत्तर. माझ्याकडे. मावशींचे पुढचे तीन फोन त्या गारांत कुठेतरी वाहून गेलेले. आणि बायकोने दुपारीच ती हिरवी अक्षरं बघून, निश्चिंत होऊन, फोन लॉकरमध्ये टाकलेला.

तो धावला. सिग्नलला थांबला नाही, एका सायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या, त्या योग्यच होत्या.

पाळणाघराचं दार बंद. पायरीवर मावशी, मांडीवर गोगी, कपाळावर ओला रुमाल.

“मावशी, मी…”

“तुम्ही घेतलं म्हणालात, म्हणून मी ताईंना फोन केला नाही,” मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “औषध दिलंय. सकाळपासून जागा दुसऱ्यांना देईन. मला वाईट वाटतंय, पण देईन.”

“एकदा, मावशी. फक्त एकदा.”

“हे एकदा मागच्या वेळीच वापरलंत ना.”

गोगीने डोळे उघडले. “बाबा, तू आज गोगलगाय होतास,” ती म्हणाली, आणि परत मिटले.

घरी तिला निजवलं. ताप उतरत होता. बायको आली, कपाळाला हात लावला, सगळं ऐकलं. पलंगाच्या कडेला पाठमोरी बसून राहिली.

टुंग. पुन्हा पैसे अडकले होते.

अंगठा उठला. त्याने तो मुठीत धरला, अक्षरशः, दुसऱ्या हाताने. सूचना पुढच्याकडे गेली असेल. पुढचा जेवत असेल. आता साहेबांकडे.

फोन वाजला.

“कुठे आहेस तू?”

“घरी. मुलगी आजारी आहे. आणि साहेब, ते प्रमुखाचं… मला नको. जादा पाळ्याही नकोत.”

“बरं,” साहेब म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्याला हलकं वाटलं. किती दिवसांनी. वळून बघतो तर बायको त्याच्याकडे रोखून बघत होती.

“काय नको?”

त्याने सांगितलं. बढती. पगार. कायमची पाळी. नाही म्हटलं, गोगीसाठी, तिच्यासाठी.

“म्हणजे पाळणाघर नाही, जादा पैसेही नाहीत,” ती म्हणाली. “म्हणजे कुणीतरी नोकरी सोडणार, नाहीतर आपण हे शहर सोडणार. माझे पेशंट आहेत. सोमवारी एक आजोबा काठीशिवाय चालणार आहेत.”

“मी घरासाठीच…”

“माहीत आहे. हो म्हणाला असतास तरी मी हेच म्हटलं असतं.” ती थांबली. “हे पण तू एकट्यानेच घेतलंस. बटण दाबल्यासारखं.”

त्याने गोगीचं पांघरूण सारखं केलं.

“परत फोन लाव,” ती म्हणाली. “म्हणावं, उत्तर उद्या देतो. आज घरात बोलायचंय. नकोच ठरेल कदाचित. ठरू दे, पण इथे.”

त्याने फोन लावला. पलीकडे घंटा वाजत होती.

“पाणी,” गोगी झोपेत म्हणाली.

दोघंही एकदम उठली, आणि स्वयंपाकघराच्या दारात खांद्याला खांदा लागून अडकली. कुणीच मागे सरेना.

“हॅलो?” फोनमधून साहेब म्हणत होते. “हॅलो?”