ट्रंकेतला स्वेटर परत मिळण्याबाबत

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : आजींचा अर्ज व त्यानंतरची स्मरणपत्रे.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करते, की मी तीच ट्रंक बोलतेय. पत्र्याची, हिरवी, एका कोपऱ्यात गंजलेली. मुक्काम : विद्यापीठाचा इतिहास विभाग, झेरॉक्स यंत्राशेजारी. माझ्यावर चहाचे कप ठेवतात. कार्यक्रम असला की शिपाई माझ्यावर चढून फलक बांधतो. विभागाच्या यशाला माझा आधार आहे तो असा.

मी जन्मतः दुर्मीळ नव्हते. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका माणसाने मला बाजारातून उचललं. त्यांना एक खोड होती. हाताखालून गेलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत ते घरी आणत आणि माझ्या पोटात ठेवत. लग्नपत्रिका, दुकानांची दरपत्रकं, हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात, निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराने मानलेले आभार.

"रोज ही रद्दी कशाला हो आणता?" बायको विचारायची.

"रद्दी नाही गं. माणसंच आहेत, जरा सपाट झालेली."

बायको त्यांच्यासाठी स्वेटर विणत होती. करड्या रंगाचा. घरचं सगळं आवरून वेळ उरला तर चार ओळी व्हायच्या. एक बाही झाली आणि दुसरी रखडली. ते तो एका बाहीचा स्वेटर घालून आरशासमोर उभे राहायचे. "अर्धी थंडी तर गेली! तुझी बाही आणि माझी पगारवाढ, दोन्ही एकाच मुहूर्तावर मिळणार बघ."

पगारवाढ मिळाली. बाही राहिली, आणि ते गेले. बाईंनी स्वेटराची घडी घातली, माझ्यात सगळ्यात वर ठेवली आणि कुलूप लावलं. नजरेस पडू नये म्हणून.

पुढे बाईंच्या आजी झाल्या आणि मुलाने घर बदललं. नव्या घरात मला जागा नव्हती. कुणीतरी सुचवलं, विद्यापीठाला द्या. विभागाने मला अगदी थाटात नेलं. व्यासपीठावर मधोमध ठेवलं, फुलांचा गुच्छ दिला. गुच्छ आजींना; मला पाठीवर थाप. विभागप्रमुख तासभर बोलले. सामान्य माणसाचा इतिहास किती मोलाचा, हे त्यांनी इतकं समजावलं, की समोरची सामान्य माणसं पेंगायला लागली.

फोटोच्या वेळी आजी हळूच म्हणाल्या, "साहेब, आत माझा एक..."

"आजी, इकडे बघा! हसा जरा!" फोटोवाला ओरडला.

आजी हसल्या. तो फोटो विभागाच्या अहवालात पहिल्या पानावर आहे. 'अलीकडील उपक्रम व यश' या मथळ्याखाली. त्यात मी छान दिसते. खोटं कशाला बोलू, काही दिवस मलाही वाटलं की आपलं सोनं झालं.

किल्ली विभागप्रमुखांच्या खणात गेली. मला उघडण्यासाठी समिती नेमली गेली. समितीतले एक रजेवर, दुसरे परदेशी परिषदेत, तिसरे निवृत्त. त्यांच्या जागी कोणाला नेमावं हे ठरवायला आणखी एक समिती आहे.

मग एक दिवस आजी आल्या. हातात पिशवी, पिशवीत करड्या लोकरीचा गुंडा आणि सुया. कार्यालयातल्या बाईंना म्हणाल्या, "कागद तुमचेच राहू देत, ताई. मला फक्त स्वेटर द्या. एक डोळा काचबिंदूने गेला. दुसऱ्या डोळ्याचंही काही खरं नाही म्हणतात. दिसतंय तोवर बाही पुरी करते."

ताई भल्या होत्या. पण भल्या माणसालाही कार्यालयात एकच औषध ठाऊक असतं. "आजी, अर्ज करा."

आजींनी अर्ज केला. आणि तिथेच घात झाला. मला कोणी उघडलंच नव्हतं, त्यामुळे आत स्वेटर आहे हे विभागाला त्या अर्जावरूनच कळलं. प्रमुखांचा चेहरा उजळला. पुढच्या अहवालात ओळ आली : 'संग्रहात एका दुर्मीळ हातविणीच्या वस्त्राची भर (अपूर्ण).' मूल्यांकनाला आलेल्या पाहुण्यांनी त्या ओळीखाली रेघ मारून 'उत्तम' लिहिलं.

आजी पुन्हा आल्या, तेव्हा प्रमुखांनी त्यांना खुर्ची दिली. "आजी, तो आता नुसता स्वेटर राहिला नाही. ती वस्तू झाली."

"वस्तू कसली? मी विणलाय तो."

"तेच तर! विणणारी व्यक्ती हयात असणं, म्हणजे केवढं भाग्य विभागाचं! तुमची मुलाखत घेऊ आपण."

"मुलाखत घ्या हो. पण बाही पुरी करून देते ना मी, मग ठेवा तुमच्याकडे."

प्रमुख दचकलेच. "पुरी? छे छे, आजी! अहवालात अपूर्ण लिहिलंय."

त्या बाहेर आल्या आणि माझ्यावर बसल्या. झाकणावरून हात फिरवला. त्यांच्यात आणि स्वेटरात एका पत्र्याचं अंतर होतं. खडखडण्यापलीकडे पत्र्याला भाषा नाही, आणि हलवल्याशिवाय मला खडखडताही येत नाही.

एक गोष्ट मात्र विभागाला सांगायला हवी होती. माझा गंजलेला कोपरा या पावसाळ्यात फुटला. तिथून लोकर खाणारी कसर आत शिरली आहे. तिला कागदात रस नाही. तिने सुरुवात पुऱ्या झालेल्या बाहीपासून केली आहे. अहवालातला 'अपूर्ण' हा शब्द ती दिवसेंदिवस अधिक खरा करते आहे. समितीपेक्षा कसर नियमित बसते.

परवा आजी सुनेचा हात धरून आल्या. मी कुठे आहे हे त्यांनी चाचपून शोधलं. "माझ्याच्याने आता नाही व्हायचं, ताई. कोणाला विणता येत असेल तर..." म्हणत पिशवी ताईंच्या हातात दिली. ती कुठे ठेवायची हे न कळून, ताईंनी ती अर्जाच्या फाइलला नाडीने बांधली.

सहपत्र : लोकरीचा गुंडा एक, सुया दोन.

अर्ज प्रलंबित आहे.