सुकाणूवर सारून

"खरं सांग सारूनदादा, गोळ्या नदीत टाकतोस ना?"

कोलापने डबी टेबलावर आपटली. ती दवाखान्यातली जुनी नर्स. एचआयव्हीच्या गोळ्या घेणारे सगळे तिच्याच खोलीत यायचे. सारून काट्यावरून उतरला. त्रेचाळीस किलो. पावसाळ्याआधी एक्कावन्न होता.

"एकही चुकवली नाही."

"मग रक्तातला विषाणू वाढला कसा? मला वेड्यात काढतोस? पोट तरी ठीक आहे ना?"

"ठणठणीत."

तो खोटं बोलला. तीन महिने दिवसातून सात-आठ वेळा त्याला पळावं लागत होतं. खाल्लेला भात जसाच्या तसा बाहेर पडायचा. पण हे सांगितलं असतं तर कोलापने त्याला भरती केलं असतं, आणि मग फेरीबोटीच्या मालकाला कळलं असतं. याच आजाराच्या एका खलाशाला मालकाने काढलं, तेव्हा त्याचा चहाचा पेलाही मेकाँग नदीत फेकला होता. म्हणून सारूनने आपलाच उपाय काढला होता: सकाळी खायचं नाही, पाणीही घोटभरच, गोळी तेवढी गिळायची आणि फेरीबोटीचं सुकाणू धरायचं. एकोणीस वर्षं तो ते धरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी भरून निघाली. तीसेक माणसं, नऊ मोटरसायकली, कोंबड्यांच्या टोपल्या. नदीला पूर होता. ऐन धारेत सारूनच्या पोटात पीळ पडला. तेवढ्यात वरच्या वळणावरून वाळूने काठोकाठ भरलेला मालवाहू पडाव प्रवाहाबरोबर खाली येताना दिसला. एवढं वजन थांबवणं कोणाच्याच हातात नव्हतं.

तिकीट फाडणारा हेन जवळ आला. "दादा, तोंड पांढरं पडलंय तुझं. मी धरू?"

"तू कधी धरलंयस? माणसं कडेवरून आत घे. पळ!"

त्याने गुडघे एकमेकांवर आवळले. चाक सोडलं असतं तर बोट आडवी फिरून थेट पडावाखाली गेली असती. पडावाचा भोंगा वाजला. सारूनने सगळा जोर लावून चाक फिरवलं, आणि त्याच क्षणी पोटाने दगा दिला. त्याला कळलं. हात मात्र चाकावरून हलले नाहीत.

पडाव हातभर अंतरावरून निघून गेला. लाट आत आली, एक मोटरसायकल कलंडली. लोकांनी पडाववाल्याला शिव्या घातल्या. मग वास पसरला.

"शी! कोणाचं पोर आहे?"

"पोर कसलं, आपला तांडेल!"

कोणीतरी हसलं. सारून समोरच्या धक्क्याकडे बघत राहिला. बोट त्याने नेहमीसारखी हलकेच टेकवली.

लोक नाकाला कापड लावून उतरले. एकजण जाता जाता म्हणाला, "लाज नाही वाटत?"

शेवटी मासळी विकणारी नॉपआजी उरली. तिने डोक्याला गुंडाळलेला चौकड्यांचा सुती पंचा, तिचा क्रामा, सोडला आणि त्याच्या तोंडाकडे न बघता बाकावर ठेवला.

"परत नको देऊस. माझ्याकडे आहेत."

"आजी, मी..."

"पडाव बघितला मी," म्हातारी म्हणाली आणि टोपली उचलून उतरली.

सारून पाण्यात उतरून धुऊन आला. क्रामा कमरेला गुंडाळला. बोटीची किल्ली हेनच्या हातात ठेवली. "मालकाला सांग, दुसरा माणूस बघ म्हणावं." आणि ओल्या पावलांनी बाजारातून सरळ दवाखान्यात गेला.

त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. कोलापची लेखणी थांबली.

"आठ वेळा? आणि वर उपाशी?"

"गोळी घेतो गं मी. पण ती माझ्यात थांबतच नाही."

कोलापने लेखणी खाली ठेवली. मग म्हणाली, "काल मी तुला नको ते बोलले."

"पोटाचं विचारलं होतंस तू. मीच खोटं बोललो."

"आतड्यात जंतू बसला असणार. तो निघाला की अन्न अंगी लागेल, गोळीसुद्धा. चल, खाट दाखवते."

तिसऱ्या दिवशी तपासणीत जंतू सापडला. आठव्या दिवशी सकाळी प्यायलेली पेज दुपारपर्यंत पोटात राहिली. कोलापने आणखी एक वाटी आणून दिली. तो खात असताना खिडकीबाहेर फेरीबोटीचा भोंगा झाला. कोणीतरी दुसरंच वाजवत होतं, गरजेपेक्षा जरा लांब. सारूनने ऐकलं, आणि पुढचा चमचा भरला.