खाकरलं की हसायचं

चौकशी समिती क्रीडा संघटनेच्याच इमारतीत बसली होती. म्हणजे चोराच्याच ओसरीवर चोरीचा पंचनामा. जिन्यात आमच्या जिम्नॅस्टिक्सच्या सरांचे फोटो लावलेले, आजूबाजूला पदकं घातलेल्या मुली. एका फोटोत माझी धाकटी बहीण होती, एकात मी. आई मान खाली घालून तिथून वर गेली.

तक्रार करणाऱ्या बाकीच्या मुली एकेक करून मागे फिरल्या होत्या. उरली ती धाकटी. तिच्यावर विश्वास बसला नाही, तर सर पुन्हा चिमुरड्यांच्या वर्गावर जाणार होते.

"एक तरी धड राहिली माझी," असं आई मला हल्ली रोज म्हणायची. तेवढ्या आधारावर तिच्या घशाखाली घास उतरत होता. तो कसा काढून घेऊ? मी तोंडाला कुलूप लावलं होतं.

धाकटी बोलायला लागली. आवाज कापत होता, पण सांगत होती. सामानाची खोली, आतून लावलेली कडी. तेवढ्यात सर खाकरले. धाकटी थांबली आणि गोड हसली.

जिम्नॅस्टिक्समध्ये पडलं, मुरगळलं, तरी परीक्षकांकडे बघून हसायचं असतं. आम्ही हसायला विसरलो की सर कडेला उभे राहून खाकरायचे. कडी लावतानाही खाकरायचे.

"बघा," सरांचा वकील म्हणाला, "एवढं सोसलेली मुलगी हसतेय."

अध्यक्षबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. धाकटीने पुन्हा सुरुवात केली, सर पुन्हा खाकरले. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू, अशी ती माझ्याकडे बघत राहिली. ती माझ्याकडे काही मागत नव्हती. माझ्याकडे देण्यासारखं काही आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

"अहो, तुम्हाला कसलं हसू येतंय?" अध्यक्षबाईंनी करड्या आवाजात विचारलं.

मला वाटलं, तिलाच विचारतायत. पण त्या माझ्याकडे बघत होत्या. मी तोंडाला हात लावला. ओठ ताणलेले होते, दात उघडे पडले होते.

माझी पाचावर धारण बसली. 'चुकलं' म्हणून खाली बघितलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. आईने माझा हात धरला. सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि ते सावकाश खाकरले.

मी उठले. ते मेलं हसू काही केल्या जाईना.

"मला हसू आलेलं नाही, बाई," मी तशीच हसत म्हणाले. "हे खाकरले की आमचं असंच होतं. त्या खोलीत मीही होते. माझंही लिहून घ्या."

आईने हात सोडला नाही. पण तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.