घण कुणी मारला

साळुबाईचा उजवा खांदा कित्येक वर्षं ठणकत होता आणि तिचा नवरा कुशाबा रोज म्हणत होता, "एवढा हंगाम काढ." एक हंगाम सरला की दुसरा उभाच. आळेफाट्याला गॅरेजांच्या मागं, पत्र्याच्या शेडात त्यांची भट्टी होती. ट्रकचा मोडका कमानपाटा आणायचा, तापवायचा आणि त्याचे ऊसतोडीचे कोयते घडवायचे. कुशाबा सांडशीत लोखंड धरून हातोडीनं जागा दाखवणार आणि साळुबाई नेमका तिथं घण घालणार. त्यांच्यात घण बाईनंच मारायचा, ही रीत. कोयता मात्र 'कुशाबाचा' म्हणून खपायचा. साळुबाईनं ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. आता जीव मेटाकुटीला आला होता, हातातून घण सुटावा एवढंच तिला हवं होतं.

दिवाळीच्या तोंडावर कामाची झुंबड उडालेली असताना एका हॉटेलावरचा नेपाळी वॉचमन आला. फाट्यावर कुठल्याही नेपाळ्याला बहादूर म्हणायची पद्धत. याचं नाव खरोखरच मनबहादूर होतं, त्यामुळं निदान त्याच्यावर तरी अन्याय झाला नव्हता. त्यानं फडक्यातून खुकरी काढली. तिची मूठ हलत होती.

कुशाबानं ती हातात घेतली आणि हातातलं काम विसरला. पाठ चांगली जाड, धारेकडं निमुळती होत गेलेली. पातं पुढं झुकलेलं, सगळं वजन टोकाकडं. हात नुसता उचलायचा, पुढचं काम तिचं तिनं करायचं. मुठीजवळ एक बारीक खाच होती. धार तिथं उडालीय असं समजून त्यानं कानस उचलली, तर मनबहादूरनं त्याचं मनगटच धरलं.

"टूटा नाय कुशाभाऊ, तसंच बनवतात. रगत तिथून खाली पडतं, मुठीला येत नाय."

"आसं व्हय," म्हणत कुशाबानं कानस धारेवर लावून पाहिली, ती घसरली. पाठीवर लावली, तर तिथं ती लोखंडात रुतली. "धार कडक आन् पाठ मऊ. ही कशी काय केली?"

"किटलीनं पाणी सोडतात. फक्त तापलेल्या धारेवर."

"आमी आख्खा कोयता पिपात बुडवतो," कुशाबा ओशाळून म्हणाला. मग त्याच्या कौतुकाला भरतंच आलं. शेजारच्या गॅरेजातून त्यानं माणसं बोलावली, वाक दाखवला, पाठ दाखवली. "काय कारागीर आसंल राव. हात बगा त्याचा."

साळुबाई घणाच्या दांड्याला टेकून बसली होती. या माणसाला इतकं बोलता येतं, हे तिला आज कळत होतं. जन्मभर भट्टीवर तिनं त्याच्याकडून 'हाण' आणि 'थांब' एवढंच ऐकलं होतं. तिला मनापासून राग आला.

खुकरी आपल्या बापानंच घडवलीय, असं मनबहादूरनं सांगितलं. "तुज्या बापाचा हात सोन्याचा," कुशाबा म्हणाला.

"बाप हातोडी चालवायचा. घण आईनं मारला," मनबहादूर सहज बोलून गेला.

कुशाबानं मान डोलावली आणि पुन्हा पातं निरखू लागला. साळुबाईनं मात्र विचारलं, "कशी हाय आता ती?"

"गावाला हाय वहिनी. हात वर जात नाय. केस पण बहीण विंचरते."

साळुबाईचे केस दोन दिवस विंचरलेले नव्हते. तिनं पदर पुढं ओढला, मग खुकरी मागून घेतली आणि पाठीवरून अंगठा फिरवत गेली. वाकाच्या जरा अलीकडं अंगठा थांबला. तिथं एक ठोका तिरका पडला होता. डोळ्यांना दिसण्यासारखा नव्हता.

"हितं ती दमली व्हती," ती म्हणाली.

कुशाबानंही बोट फिरवलं. "मला तर काय लागत नाय."

"तुमाला कसं लागंल."

मूठ पक्की करून घेऊन मनबहादूर गेला. कुशाबानं तापलेलं लोखंड ऐरणीवर धरलं आणि हातोडीनं जागा दाखवली. घण आला नाही. त्यानं पुन्हा जागा दाखवली.

"आगं, थंड व्हतंय."

"व्हऊ द्या."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. "खांदा दुकत आसंल तर आज ऱ्हाऊ दे."

"आज न्हाई. आता कवाच न्हाई."

हंगामाचं बोलायला त्यानं तोंड उघडलं, पण तिचा चेहरा पाहून लोखंड पुन्हा भट्टीत सारलं. ते लाल झाल्यावर डाव्या हातात सांडशी धरली आणि उजव्या हातानं स्वतःच घण उचलला. घण ऐरणीच्या कडेला आदळला, लोखंड निसटून मातीत पडलं.

बोलून टाकल्यावर मोकळं वाटेल, असं साळुबाईला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. नुसता थकवा होता, इतकी वर्षं उभ्यानं झाकून ठेवलेला. कुशाबा वाकून लोखंड उचलत होता, पुन्हा तापवत होता, पुन्हा चुकत होता. उठून घण हातात घ्यावा, असं तिला फार वाटलं. ती बसून राहिली.