एक साथ नमस्ते

त्र्याहत्तर सालची गोष्ट. कोल्हापुरात गंगावेशीकडच्या एका शाळेत त्रिशलाबाई उपाध्ये यांनी हेडमास्तरांशी वैर ओढवून घेतलं, ते चौथीतल्या अंबूपायी.

अंबू एरवी गुणी पोर. पण अचानक मोठा आवाज झाला की तिचं भान सुटायचं. पाटी भिरकावायची, जवळच्याचा चावा घ्यायची आणि भिंतीशी अंगाचं मुटकुळं करून थरथरत बसायची. घरच्यांनी डॉक्टर केले, जोतिबाला नवस केला. बाईंनी महिनाभर नुसतं पाहिलं. त्यांच्या ध्यानात आलं, आवाज आधी सांगून आला तर अंबू तो सोसते. मग घंटा देण्याआधी केरबा शिपाई दारात येऊन 'वाजवतो बरं का, अंबूताई' म्हणू लागला. जीव घाबरा झाला तर अंबूनं पाटी पालथी घालायची आणि न विचारता चिंचेखाली जाऊन बसायचं, असंही ठरलं. त्यानंतर ती एकालाच चावली, आणि ते नेमके हेडमास्तर निघाले. मागून येऊन खेकसले होते.

त्र्यंबकराव हेडमास्तर ते विसरणार थोडेच! दिपोटीसाहेब शाळेच्या तपासणीला यायचे ठरले तेव्हा त्यांनी बजावलं, पोरीला त्या दिवशी घरी ठेवा. बाई म्हणाल्या, तपासणी वर्गाची आहे आणि अंबू वर्गातली आहे. मग मास्तरांनीही निक्षून सांगितलं, गोंधळ झाला तर पटावरून तिचं नाव कमी.

बाईंनी पाढे घोटून घेतले, शुद्धलेखन घेतलं, भिंतीवरची कोळिष्टकंसुद्धा काढली. साहेबांचे बूट व्हरांड्यात वाजले आणि बाईंना आठवलं. एक गोष्ट त्या साफ विसरल्या होत्या. साहेब आत आले की मॉनिटरनं 'एक साथ' म्हणायचं आणि चाळीस पोरांनी बेंबीच्या देठापासून 'नमस्ते' ओरडायचं, हा शाळेचा रिवाज. आता सांगायला वेळ नव्हता.

साहेब आत आले, मागोमाग हेडमास्तर. मॉनिटर राजमती उठली, तिनं अंबूकडे एकवार पाहिलं आणि हळूच 'एक साथ' म्हणाली. चाळीस पोरं देवळात बोलावं तशी पुटपुटली, नमस्ते. बाईंनी हे कुणाला शिकवलं नव्हतं.

हेडमास्तर मात्र लालबुंद झाले. साहेबांनी विचारलं, ही पोरं जेवून येत नाहीत काय? अंबूनं पाटी पालथी घातली. निदान मुकाट चिंचेखाली जाऊ दे, एवढंच बाई मनात म्हणत होत्या.

अंबू उठली, पण दाराकडे गेली नाही.

"साहेब, माझ्यापायी दबकं बोलल्यात समदी," ती म्हणाली. "मला दचकायला होतंय. आता मीच सांगतो, मग न्हाय दचकत." तिनं दोन्ही कान गच्च दाबले. "एक साथ!"

वर्गानं असा काही नमस्ते ठोकला की चिंचेवरचे कावळे उडाले. अंबू पाय रोवून उभी होती, हात कानांवर, आणि खुदुखुदु हसत होती. साहेबही हसले. शेरेबुकात त्यांनी लिहिलं, वर्गाचा आवाज उत्तम. अंबूचं नाव पटावर राहिलं.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना बाईंनी रोजच्या सवयीनं अंबूचं नाव तेवढं हळू घेतलं.

"बाई," अंबू जागेवरून म्हणाली, "माझं बी नाव मोठ्यानं घ्या की."

"घेते बरं का," असं बाईंनी आधी सांगितलं, आणि मग घेतलं.