पलीकडच्या काठावर वळवलेलं पाणी

पूर ओसरला की पूरनियंत्रण कचेरीत माणसांची रीघ लागे. प्रत्येकाचा प्रश्न एकच, आमच्याच घरात पाणी का शिरलं? आणि कचेरीतल्या अभियंता बाईंचं उत्तरही एकच. ओढ्याकाठी भराव घालू नका. पाण्याची पसरायची जागा बळकावली, तर ते दुसऱ्याच्या घरात जागा शोधतं. बाई हे इतक्या पोटतिडकीने सांगत, की ऐकणारे मान खाली घालून परत जात.

या खेपेला पाणी शिरलं ते बाईंच्या थोरल्या नणंदेच्या घरात.

बाईंचं घर ओढ्याच्या अलीकडे, नणंदेचं समोरच्या काठावर. बाईंच्या घरामागचा सखल पट्टा दर पावसाळ्यात पाण्याखाली जाई. उन्हाळ्यात नवऱ्याने तिथे तांबडा मुरूम टाकून जमीन उंच केली आणि काठाला भिंत घातली. मोटार ठेवायला ऐसपैस जागा झाली. याचा परिणाम काय होणार, हे बाईंना कळत होतं. एकदा त्या बोलल्याही. “सगळेच टाकतात, आपल्या एवढ्याशा मातीने काय बिघडतं?” असं नवरा म्हणाला आणि बाई गप्प बसल्या. घरात रोज कटकट कोण ओढवून घेणार? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशातली गत.

पुराच्या सकाळी बाईंचं अंगण कोरडं ठणठणीत होतं. त्यांनी नणंदेला फोन केला आणि हळहळत विचारलं, तिकडे एवढं पाणी आलं तरी कसं?

पाणी उतरल्यावर त्या मदतीला गेल्या. नणंद घरीच शिवणाचे वर्ग घेई. सगळी यंत्रं चिखलात रुतली होती. बाई पदर खोचून गाळ उपसू लागल्या. ओढ्याचा गाळ काळा, लोण्यासारखा मऊ. पण एका यंत्राच्या पायाशी तांबडे खडे लागले. बाईंचा जन्म मातीचे नमुने तपासण्यात गेलेला. चिमूटभर चुरून पाहिलं आणि त्यांचा हात थांबला. त्या ओढ्याला तसला मुरूम कुठेच नव्हता, त्यांच्या भरावाखेरीज.

नणंद त्यांच्याकडेच बघत होती.

“ताई, तुम्हाला कळलं होतं?”

“पाणी तुमच्या भिंतीवर आपटून इकडे वळताना मी खिडकीतून पाहिलं,” नणंद शांतपणे म्हणाली. “यंत्रं दुरुस्त होतील गं. पण तू फोनवर मलाच विचारलंस ना, पाणी कसं आलं म्हणून, ते लागलं. भावाला समजत नव्हतं, असं म्हणून मी मनाची समजूत घालेन. तुझ्याबद्दल काय म्हणू?”

बाई चाचरत म्हणाल्या, की वरच्या अंगालाही पुष्कळांनी भराव घातलाय, आपला वाटा तसा थोडाच.

“प्रत्येकाचा वाटा थोडाच, तर मग माझ्या घरातलं पाणी कुणाचं?”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवडाभरात पूरग्रस्तांची बैठक भरली. वरिष्ठांनी अतिवृष्टीकडे बोट दाखवलं. बाई उठल्या. “पाऊस जास्त होता, पण तेवढंच कारण नाही. माझ्या घरामागे भराव आहे. मला तो थांबवता आला असता. मी थांबवला नाही.”

मागून कुणीतरी हसलं, “आणि या आम्हाला शिकवत होत्या!” नवरा ताडकन उठून निघून गेला. बाई खाली बसल्या तेव्हा त्यांचे कान तापले होते. त्यांना कुणाच्या नजरेला नजर देववेना.

नवऱ्याने अबोला धरला. मग एका संध्याकाळी तो बहिणीकडून चिखलाने माखून परतला. “ताईने चहा दिला. एक शब्द बोलली नाही,” एवढंच म्हणाला, आणि सकाळी भिंत पाडायला माणसं बोलावली. मुरूम उचलला गेला. शेजारच्या दोघांनी आपलाही भराव काढला. बाकीच्यांनी तोंडं फिरवली. कचेरीतून बाईंना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी मुकाट्याने घेतली.

पुढच्या पुरात बाईंचं परसदार तळं झालं. नणंदेच्या पायरीला पाणी लागलं, पण उंबरा ओलांडून आत गेलं नाही. बाईंना हायसं वाटलं, तरी सभेतलं ते हसणं कानांतून गेलं नाही.

वाचकहो, आपलं अंगण कोरडं राहिलं म्हणून आपण सुटलो, असं समजू नका. ते पाणी कुणाच्या घरात गेलं, हे पाहून या. आणि जे आपल्याला कळतं, ते आधी आपल्या घरात बोला; तिथे गप्प बसणाऱ्याला चावडीवर बोलायचा अधिकार उरत नाही.