चोरीविना शहाण्णव दिवस

पोलीस ठाण्याच्या फाटकाशी एक काळा फळा होता. वर रंगाने लिहिलेलं, 'चोरीविना सलग दिवस', आणि खाली खडूने आकडा; रोज सकाळी नऊच्या सुमारास शिपाई तो एकाने वाढवायचा. त्या सकाळी आकडा होता शहाण्णव. शंभर भरले की वरचे अधिकारी येणार, साहेबांचा सत्कार होणार आणि साहेब बढती घेऊन दुसरीकडे जाणार.

आता खरं सांगायचं तर चोऱ्या काही कमी झाल्या नव्हत्या. चोरांनी काय शपथ घेतली होती? कमी झाल्या होत्या त्या फक्त वहीत, आणि ती किमया होती ठाण्याच्या लेखनिकाची. माणूस मऊ, अक्षर मोत्यासारखं. तक्रार घेऊन कुणी आलं की आधी खुर्ची द्यायचा, मग चहा, आणि मग तीन प्रश्न. अंधार होता ना? चेहरा दिसला का? मग हातातून पडलं नसेल कशावरून? समोरचा बिचारा गडबडायचा, डोकं खाजवायचा, आणि चहा संपेपर्यंत त्याला स्वतःलाच पटायचं की पडलंच असेल बुवा. लेखनिक 'गहाळ' असं लिहून मोकळा. चोरी नोंदली तर फळा पुसून शून्य लिहावं लागतं. गहाळ झालेल्या वस्तूची फळ्याला काय पर्वा!

सगळ्यात जास्त गहाळ व्हायचं ते गोदामांमागच्या गल्लीत. तिथल्या लोकांनी दिव्यासाठी आणि पहाऱ्यासाठी अर्ज केला. नियम असा, की वर्षात तीन चोऱ्या नोंदल्या गेल्या तरच दिवा नि पहारा मिळतो. वहीत त्या गल्लीच्या नावावर अकरा गहाळ आणि चोरी एकही नाही. वरच्या कचेरीने वही पाहिली आणि कळवलं, इथले नागरिक निष्काळजी आहेत, सबब सूचनाफलक मंजूर. मग गल्लीच्या तोंडाशी एक पाटी लागली, 'आपल्या वस्तू सांभाळा'.

त्याच गल्लीत लेखनिकाची ताई राहायची. आई लवकर गेली, तेव्हा याला तिनेच लहानाचा मोठा केला. आता ती दवाखान्याच्या धुलाईत कामाला होती आणि रोज पहाटे साडेपाचला ती गल्ली तुडवत जायची. पाटी लागली त्या दिवशी तिने त्याला चांगलंच झापलं होतं. "अरे, पाटी वाचायला तरी दिवा लावा!"

"शंभर होऊ देत गं ताई," तो म्हणाला होता. "साहेब गेले की पहिल्या तीन चोऱ्या तुझ्याच गल्लीच्या लिहितो, मग बघ कसा दिवा येतो ते." तिने विश्वास ठेवला. भावावर नाही ठेवायचा तर कुणावर?

आणि त्या शहाण्णवाव्या दिवशी आठ वाजता ताई ठाण्यात आली. उजव्या कानाला पट्टी, खांद्यावर रक्त वाळलेलं. दवाखान्यातच कामाला म्हणून टाके तरी लगेच पडले.

"मागून आला," ती खुर्चीत बसत म्हणाली. "तोंड दाबलं नि कानातलं ओढलं. कानाची पाळी फाटली. मागे आमच्या शेजारच्या शिंपीणबाईंची पर्स नेली, तोही हाच असणार. त्याला कसली भीती? आमची गल्ली त्याला आंदणच दिलीय ना तुम्ही."

लेखनिकाने घाईघाईने वही पुढे ओढली. आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "अंधार होता ना?"

ताईने त्याच्याकडे बघितलं. "होता की. तूच तर ठेवलायस."

तो मेल्याहून मेल्यासारखा झाला. त्याने कोरा कागद ओढला, त्यावर ठळक अक्षरांत 'जबरी चोरी' लिहिलं आणि तसाच साहेबांच्या खोलीत शिरला. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी वही मागवली, पानं उलटली.

"या गल्लीत अकरा गहाळ. अक्षर कुणाचं रे?"

"माझं, साहेब."

"बाराव्या वेळी चोरी लिहिलीस तर वरचे विचारतील, आधीच्या अकरांचं काय? मी म्हणेन, मला काय ठाऊक, वही लेखनिक लिहितो. नोकरी तुझी, बहीण तुझी. बघ बाबा."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर हा संन्यासी तरी कुठे होता!

तो परत आला, वही उघडून बसला. पेन हातात, पण कागदाला टेकेना. साहेबांच्या खोलीचं दार उघडंच होतं, ताईने सगळं ऐकलं होतं.

"लिही," ती म्हणाली. "अंधार होता. चेहरा दिसला नाही. कानातलं पडलं असेल."

"ताई, असं नको ना बोलूस."

"का नको? लहानपणी कप तू फोडायचास, आणि बाबांना मी सांगायचे, माझ्या हातून पडला. मारही मीच खायचे. तेव्हाच एकदा तुला मार खाऊ दिला असता, तर आज माझा कान शाबूत असता."

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आणि तरीही त्याने लिहिलं हो! रडत रडत, त्याच मोत्यासारख्या अक्षरात, 'कानातील दागिना, एक नग, गहाळ'. बाहेर शिपाई फळा पुसून सत्त्याण्णव लिहीत होता, खडू करकरत होता.

ताईने सही केली. मग डाव्या कानातलं काढलं आणि उघड्या वहीवर ठेवलं.

"हे तेरावं," ती उठत म्हणाली. "हेही आत्ताच लिहून टाक. उद्या साडेपाचला मला त्याच गल्लीतून जायचंय. तुझा एक चहा तरी वाचेल."